गोठ्याच्या राखणीची बंदूक

२ ऑक्टोबर १९३४, भाट्ये
बंदुकीचं लायसन्स झालं! कोर्टातली शिरस्तेदारी संपल्यापासून घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. आता ऐकतील. बागेच्या वरच्या अंगाला बिबळ्या फिरतो आहे आणि आपली गाय नुकती व्यायलेली. आमच्या कुटुंबाचा त्या पाडीवर भारी जीव. हिला छातीठोक सांगितलं, पाडीच्या केसालाही धक्का लागणार नाही. ही म्हणाली, आधी ती पेटी तरी उघडा. उद्या उघडीन. घाईत अपघात होतात.

५ ऑक्टोबर
पेटी उघडली. म्हणजे महिपत गड्याने उघडली, मी दाराआडून सूचना दिल्या. सेफ्टीचे नियम ठरवले. काडतुसं तांदळाच्या डब्यात. पेटीची किल्ली जानव्याला. तीनदा हाक मारल्याशिवाय बार काढायचा नाही. नळी कुठे करून ठेवावी हा मात्र पेच. दक्षिण यमाची. पूर्वेला देवघर. उत्तरेला शेजारचे परशुरामपंत. पश्चिमेला समुद्र, पण मध्ये गोठा. शेवटी आढ्याकडे तोंड करून उभी केली. त्या खोलीत आता कोणी बसत नाही.

९ ऑक्टोबर
नेमबाजीचा सराव. काडतुसाशिवाय, तोंडाने ‘ठो’ म्हणून. पाडी बुजली, ही रागावली. मांडवीला बागाइतदारांपुढे व्याख्यान द्यावं म्हणतो: ‘बंदूक बाळगणारांस चार शब्द’. लोक फार निष्काळजी असतात.

१४ ऑक्टोबर
बिबळ्याने परशुरामपंतांचा कुत्रा नेला. भरदिवसा, मागीलदारातून! महिपत म्हणतो, आप्पानू, ह्यो आता कुतऱ्यावर थांबायचा नाय. लगेच त्याच्याकडून बंदूक भरून घेतली. मग तो नवरात्रासाठी गावी गेला. तो गेल्यावर लक्षात आलं, भरलेली बंदूक रिकामी कशी करायची ते विचारायचं राहिलं. पंत जुने शिकारी, पण त्यांना विचारलं तर गावभर करतील.

१७ ऑक्टोबर, खंडेनवमी
शस्त्रपूजा. कोयती, विळी, खोरं, आणि पाटावर मध्यभागी बंदूक. भरलेलीच. घंटा वाजवू दिली नाही, न जाणो दणका बसायचा. ही म्हणाली, लोखंडाला गंधफूल पुरे. मी म्हटलं, छे! ही जिवंत वस्तू आहे, तिला प्रसन्नच केलं पाहिजे. लांब दांड्याच्या पळीने दुरूनच पंचामृताचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर. थोडं नळीत गेलं, बरंचसं घोड्याच्या खाचेत. जीव जरा शांत झाला. आता आपण होऊन उडणार नाही.

१९ ऑक्टोबर
बंदुकीला मुंग्या. ही म्हणते, पुसा. भरलेली बंदूक पुसणं नियमाविरुद्ध आहे.

२२ ऑक्टोबर, दिवेलागणीनंतर

तिन्हीसांजा वहाळाच्या पात्राकडून बिबळ्याची खोकल्यासारखी डरकाळी आली. ही गोठ्यात होती. मी बंदूक घेऊन पडवीच्या खोलीत शिरलो आणि आतून कडी घातली. मोर्चा नीट असावा म्हणून. मग अंगणात पावलं वाजली. धापा. खिडकीतून पाहिलं तर काहीतरी ठेंगणं, चार पायांचं, थेट दाराकडे येत होतं. हाक मारायची होती. खरंच मारायची होती. डोळे मिटले आणि चाप ओढला.
घोडा हललाच नाही. परत ओढला. नाही.
बाहेरून ही ओरडली, अहो, दार काय लावून बसलात, हिला आत घ्या, तो मागेच आहे! वाकून पाडीला ढकलत आणत होती. दार उघडलं. माझ्या हातात बंदूक अजून तशीच धरलेली. हिने नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाडीला आत घेतलं आणि कडी घातली.
मी हिला ओळखलं होतं. जवळजवळ ओळखलंच होतं.

२३ ऑक्टोबर
परशुरामपंतांनी बंदूक रिकामी करून दिली. घोडा मधाने चिकटून बसलाय म्हणाले. नळीत मुंग्यांचा लगदा. मग ओरडले, शहाण्या, बार उडाला असता तर समोर असेल तो गेला असता, आणि नळी फुटून तूही. हळू बोला म्हणून खूण केली, पण ही चहा घेऊन दारातच उभी होती. समोर कोण होतं ते पंतांना तिनेच सांगितलं. मी पाडीकडे बघत बसलो. आयुष्यात इतकं भ्यालो नव्हतो, आणि बिबळ्याला तर नाहीच.

२८ ऑक्टोबर
सुरक्षिततेच्या दृष्टीने पूर्ण विचार करून बंदूक ठाण्यात जमा केली. महिपत परत आला आहे. पाडी माजघरात बांधतो, सुखरूप आहे. व्याख्यान तूर्त तहकूब.
बंदूक घरात नाही हे हिला ठाऊक आहे. मीच दोनदा सांगितलं. तरी स्वयंपाकघरातून ओटीवर येतानासुद्धा ही आधी लांबूनच आवाज देते, अहो, मी आहे हो, मी. आणि मी ‘ये’ म्हणेपर्यंत तिथेच थांबते.