ऑस्ट्रेलियाची कापणी आणि अजराचा निकाह

राजापूर, १२ ऑक्टोबर १९९४

चि. ताहिर यास मसूदाआपाचा सलाम, बरकतीच्या दुवा.

इकडे सगळे खुशाल. कापणी उरकली की रजा मिळेल असं तू लिहिलंस, म्हणून मी अजराचा निकाह वीस नोव्हेंबरला ठरवला. तोवर भात घरात येतं. आपल्याकडे मुलीची कबुली घ्यायला वकील म्हणून मामूच आत जातो, हे तुला सांगायला नको. तुझी लाडकी भाची तू कधी येणार म्हणून रोज माझं डोकं खाते. विमान कधीचं ते कळव.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.
मसूदा

मनामा, बहरीन, २५ ऑक्टोबर १९९४

मसूदाआपास ताहिरचा अदबीने सलाम.

आपा, काय केलंस हे! मी आपल्या भाताची नाही, ऑस्ट्रेलियाची कापणी म्हणालो होतो. तिकडचे ऋतू उलटे, गहू-जव डिसेंबरात कापतात. त्यात यंदा तिथे दुष्काळ, पीक निम्मंही येणार नाही म्हणतात. आमचा अरबाब, म्हणजे मालक, मेंढ्यांसाठी जव विकतो. भाव रोज चढतोय आणि मी भावाच्या फॅक्सपाशी खिळलोय. रजेचं नाव काढलं तर मफी म्हणाला, म्हणजे नाहीच. तारीख पुढे ढकल, नाहीतर रहिमतुल्लाचाचांना वकील कर.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
ताहिर

राजापूर, ८ नोव्हेंबर १९९४

चि. ताहिर यास सलाम, दुवा.

तुझ्या ऑस्ट्रेलियाने जिवाला घोर लावलाय. पाऊस पडला नाही तिकडे आणि तोंड लपवायची पाळी माझ्यावर. अजरा हटून बसलीय, कबुली देईन तर मामूलाच. बापामागे तिने तुलाच बाप मानलं, मी तिला काय समजावू? व्याह्यांच्या हातापाया पडून पंधरा जानेवारी घेतली. पुढे रमजान. ही तारीख हुकली तर ते दुसरी मुलगी बघतील, तोंडावर म्हणालेत. मेंढ्यांची एवढी काळजी वाहतोस, थोडी भाचीचीही वाहा.

चिडले असले तरी तुझीच,
मसूदा

मनामा, २७ डिसेंबर १९९४

मसूदाआपास सलाम.

मी दहा तारखेला मुंबईत उतरतो. अजराला सांग, कबुली मामूच घेईल.

कापणी उरकली. पीक इतकं थोडं आलं आणि भाव इतका चढला, की मेंढ्यावाल्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. अरबाबने गोदामाला कुलूप घातलं. मला म्हणाला, यल्ला, चल नीघ, हवी तेवढी रजा घे. व्हिसाही रद्द केलाय. जिच्यासाठी इतका भांडलो ती रजा ही अशी मिळाली. चीड येते आपा, पण काढू कुणावर?

अजरा सासरी जाईपर्यंत तिला हे कळू देऊ नकोस. कबुली देताना तिने माझी काळजी करू नये.

माया असू दे, आता ती रोजच लागेल.
ताहिर