भावोजींचे कारखान्याचे कपडे

मुलुंड, सोमवार

चि. सुलक्षणास,

ताईचे आशीर्वाद, आणि आईला माझा नमस्कार सांग.

मी बरी आहे. छातीतलं पाणी परवा काढलं, तेव्हापासून दोन घास जातात. कुडाळची आमसुलं पोचली. आई अजून पडवीत बसते का?

डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर अ‍ॅसबेस्टॉसच्या धुळीचा आहे. मी म्हटलं, मी तर ह्यांच्या अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्याचं गेटसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "मिस्टरांचे कपडे कोण धुवायचं?" तेव्हापासून तुझे भावोजी बाथरूममध्ये बसून स्वतःचे कपडे स्वतः धुतात, मला हात लावू देत नाहीत. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली गं!

मला आता गुण यायचा नाही, ते असो. पण कॉलेजची दोन वर्षं तू आमच्याकडे होतीस. ते कपडे गॅलरीत झटकायला मीच तुला लावायचे. तुझे केस धुळीने पांढरे व्हायचे आणि मी हसायचे, "म्हातारी झालीस गं!"

खोकला आहे का तुला? लपवू नकोस. उद्याच छातीचा एक्स-रे काढ.

म्हातारी हो गं, सुलू. एवढंच कर माझ्यासाठी.

तुझी,
ताई