चिंचवडची चतुर्थी, एडिंबराचा डोंगर

मिल्टन कीन्स,
९ मे २००७

ती. अनुआत्येस गिरीशचा साष्टांग नमस्कार (खरोखरीचा आहे, कार्पेटवर घातला, नाकात लोकर गेली).

तब्येत कशी आहे, साखर किती, गोळ्या वेळेवर घेतेस का, हे मी फोनवर विचारतोच आणि तू "ठणठणीत" एवढं एकच उत्तर देतेस, म्हणून पत्रात पुन्हा विचारत नाही. मी बरा आहे. वजन वाढलंय. आता फोन सोडून पत्र का लिहीत बसलाय हा, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि आज मला मुद्द्यावर जरा सावकाश यायचंय.

मुद्दा शनिवारच्या संकष्टीचा. फेब्रुवारीत मोरया गोसावींच्या रांगेत तुला चक्कर आली, डॉक्टरांनी उपास बंद म्हणून सांगितलं, आणि तू अडून बसलीस की सव्वीस वर्षांत एक चतुर्थी चुकली नाही, मला बंद करायला लावताय तर घरातल्या कुणीतरी चालवा, नाहीतर मी आहेच. मंजिरीला जमणार नव्हतं (तुझीच लेक, पण अकराला खायला मिळालं नाही तर ती माणसं ओळखत नाही). तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हटलं, आत्या, उपास माझा, तू जेव. मार्चची झाली, एप्रिलची झाली. ऑफिसात एसीत बसून उपास करायला काही अक्कल लागत नाही. पण या खेपेला चतुर्थी नेमकी बँक हॉलिडेच्या तीन दिवसांच्या सुट्टीत आली आणि माझं एडिंबराचं तिकीट आधीच काढलेलं. एकट्याचं. (बरोबरचे सगळे बायकामुलांचे झालेत. यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला पाठ आहे, लिहू नकोस.)

सकाळी बी अँड बीच्या (म्हणजे न्याहारीसकट घरगुती लॉजच्या) मालकीणबाईंनी ताट भरून आणलं. अंडी, सॉसेज, आणि एक काळीकुट्ट चकती असते, तिच्यात काय असतं ते तुला सांगितलं तर तू मला ओवाळून घरात घेशील. मी हात जोडले. बाईंना वाटलं, स्वयंपाकाला नावं ठेवतोय. त्यांचं मन राखायला एक केळं उचललं आणि निघालो. एकच केळं, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. का? तर डोंगर म्हटलं की माझ्या डोक्यात सिंहगड! वर पोचलं की कुणीतरी मावशी मडक्यातलं दही घेऊन बसलेली असणारच, "या दादा, ताजं आहे" म्हणणारच, आणि दही उपासाला चालतं. हे माझं मिल्टन कीन्सपासून पक्कं ठरलेलं. हसू नकोस. तीस वर्षांचं वळण एका व्हिसाने जात नाही.

तर गावाच्या मधोमध हा डोंगर. नाव आर्थर्स सीट. हा आर्थर कोण आणि एवढ्या वाऱ्यात बसायचा कसा, देव जाणे. उंची आपल्या मानाने किरकोळ, पण वारा असा की एक पाऊल पुढे टाकावं आणि दीड मागे यावं. आजोबा, आज्या, पट्ट्याने बांधलेली कुत्री, सगळी मला मागे टाकून वर गेली. अखेर शेंड्यावर पोचलो. एकीकडे समुद्र, एकीकडे किल्ला, खाली सगळं दगडी गाव. डोळे निवले, खरंच. मग दह्याकडे वळलो. दही नाही, मावशी नाही, आडोशाला पत्रासुद्धा नाही. मी कड्याच्या मागच्या बाजूला जाऊन पाहून आलो (हे कुणाला सांगू नकोस). आणि तिथेच डोळ्यांपुढे अंधारी आली.

पडलो नाही, कारण माझी कॉलर मॉरीनबाईंच्या हातात होती. सत्तरीच्या, निवृत्त नर्स, रोज एकट्या हा डोंगर चढतात. त्यांनी मला खाली बसवलं, फ्लास्कमधला चहा पाजला आणि शेवटचं कधी खाल्लंस म्हणून दरडावलं. मी माझ्या इंग्रजीत आत्या, साखर, गणपती, चंद्र असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तुझी आत्या घरी जेवतेय ना? हो म्हटलं. मग तिचं बरोबर चाललंय, चुकतंय ते तुझं, असं म्हणून त्यांनी माझ्या हातात सँडविच दिलं. मी तीनदा नको म्हटलं. (दोनदा. तुझ्याशी खोटं नाही बोलत.) पहिला घास घेतला आणि धडाड्! किल्ल्यावरून तोफ! मला वाटलं, मोरयाच कोपला. तर तिथे रोज दुपारी एकला तोफ उडवतात, लोकांनी घड्याळं लावावीत म्हणून. रविवार सोडून.

झालं ते असं. चिंचवडला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि तुझ्या चंद्रोदयाला पावणेपाच तास बाकी होते. इथला चंद्र म्हणशील तर तो मध्यरात्र उलटल्यावर केव्हातरी आणि तोही ढगाआड, त्यामुळे त्याची आशा मी आधीच सोडली होती. उपास तुझा, तर चंद्रही तुझाच धरायचा, हे मी प्रामाणिकपणे ठरवलं होतं. पण तुझ्या चंद्रापर्यंतही टिकलो नाही.

मॉरीनबाईंनी मला दंडाला धरून खाली आणलं, रस्ता दाखवला, आभार मानायला लागलो तर "आत्याला जेवायला सांग" म्हणाल्या आणि गेल्या. मग मी संध्याकाळपर्यंत त्या गावातून भटकलो. काय बोळ आहेत, आत्या! एका बोळातून पायऱ्या उतराव्यात तर दुसऱ्या रस्त्यावर निघतो. माझ्या पोटात अन्न होतं आणि मनात चोरी होती, तरी मला सगळ्यांचे उपकार वाटत होते. सँडविचचे, वाऱ्याचे, कोपऱ्यावर पुंगी फुगवून लाल झालेल्या त्या घागरेवाल्या बुवांचे. एका जुन्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो आणि मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हटलं. देऊळ जवळपास नव्हतं, काय करू? तिथल्या म्हाताऱ्या सेवकाने खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेला. फार बरं वाटलं.

पावणेसहाला तुला फोन केला. तू म्हणालीस, आठलाच पिठलंभात खाल्ला, पोट भरलंय. मी म्हणालो, तुझा चंद्र उगवला की उपास सोडतो. ते खोटं होतं, आत्या, त्यासाठी हे पत्र. माझी एक चतुर्थी मोडली म्हणून तुझा उपास परत मागू नकोस. पुढच्या वेळी डोंगर नाही, खुर्ची सोडणार नाही, आणि केळी डझनभर. थोरांस नमस्कार, मंजिरीला तिचं खाणं लखलाभ.

तुझा भाचा,
गिरीश

ता. क. सँडविचमध्ये अंडं होतं. सगळं कबूल केलंय तर हे तरी कशाला ठेवू?

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच मंजिरीचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. पिठलंभात नव्हताच! माझा फोन आला तेव्हा तू मोदकाचं ताट झाकून गॅलरीत चंद्राची वाट बघत उभी होतीस, आणि त्याआधी साडेनवाला हात थरथरायला लागले तेव्हा तिने तुझ्या तोंडात साखर कोंबली. मार्चलाही हेच, एप्रिललाही हेच. म्हणजे तुझी एकही चतुर्थी चुकलेली नाही. अभिनंदन! शोभतं का हे तुला? मी तिच्यावर ओरडलो, तर ती म्हणाली, ज्याच्यासाठी उपास धरला त्याच्याच गळ्यात तो कसा घालू, असं आई म्हणते. मला काही कळेना. मग तिने सांगितलं की चार वर्षांचा होईतो माझ्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, आणि मी बोलावं म्हणून तू हा उपास धरलास. मला हे कुणीच कधी सांगितलं नाही, आत्या. अर्धा तास जिन्यात बसून होतो. आता ऐक. पुढच्या चतुर्थीला तुमच्या दुपारी साडेबाराला, जेवायच्या वेळी, मी फोन करणार, मंजिरी तो तुझ्या कानाला लावणार, आणि तू पानावरून उठेपर्यंत मी बोलत राहणार.