तरोट्याच्या बिस्किटाला नऊपैकी नऊ

वरवट बकाल,
सोमवार

ती. भाऊरावदादास,

धाकट्या सुवर्णाचा सप्रेम जयभीम. इकडे सगळे खाऊन-पिऊन सुखरूप आहोत (खाण्याचं पुढे लिहिते). तुझा गुडघा काय म्हणतो? फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी अश्वजित, म्हणून हा कागद.

तर तुझे शास्त्रज्ञ चिरंजीव अश्वजित मागच्या आठवड्यात आमच्या अंगणवाडीत संशोधनाला आले होते. विषय तरोटा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेचा कोवळा पाला खुडून आपण लसणाची फोडणी देऊन खातो, तोच. (जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो आपल्या वाट्याला उरला.) विद्यापीठानं त्यातून आधी लसूण काढला, मग मिरची, मग तेल, आणि जे उरलं त्याचं बिस्किट केलं. त्यात लोह भरपूर आहे म्हणे. पुंजाजीमामांच्या दाढेला ते ताबडतोब समजलं.

चव ठरवायला गावातली मोठी माणसं बसवली. समोर तीन बश्या, तीन प्रकारची बिस्किटं. अजिबात आवडलं नाही तर एक गुण, फार आवडलं तर नऊ. खरं सांगा, संकोच करू नका, कागदावर नाव टाकू नका, असं पोरगं हात जोडून सांगत होतं. त्यावर पुंजाजीमामा बिघडले, "नाव नाही टाकलं तं म्या नऊ देल्ले हे त्याले मालूम कसं पडीन?" आणि ठळक अक्षरात नाव टाकलं. खैरुन्निसाचाचीनं पहिला घास चहासोबत कसाबसा उतरवला, डोळे पुसले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "सुनेच्या माहेरचं पोरगं हाय. त्याले आठ देऊन गावाची इज्जत घालवू काय?" (माझ्या माहेरचा एवढा मान या गावानं लग्नात राखला असता तर!) तिन्ही बश्यांना सगळ्यांचे नऊ.

इथवर गंमत होती. पण या नवांवर अश्वजितचे साहेब खूश झाले आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या अंगणवाडीत शिऱ्याऐवजी हीच बिस्किटं, वर्षभर, असं ठरलं. दादा, पोरं माझ्याकडे गाणी शिकायला येत नाहीत, शिऱ्यासाठी येतात. काहींना घरी दोन्ही वेळ पोटभर मिळतंच असं नाही. त्यांना बिस्किट दिलं तेव्हा त्यांनी कुणाच्या माहेराचा मान राखला नाही, सरळ भिंतीपलीकडे फेकलं. पण पोरांचं मत धरत नाहीत म्हणे, त्यांना गुण लिहिता येत नाहीत. ती उपाशी घरी जातील या विचारानं मला घास गोड लागत नाही. तरी तूच अश्वजितला सांग की बिस्किट भिकार आहे, चव पुन्हा तपास. बापाचं ऐकेल.

तुझी,
सुवर्णा

ता. क. "तूच काऊन सांगत नाहीस?" असं विचारू नकोस. मीही नऊच दिले, वर आणखी एक मागून खाल्लं. जाताना पोरगं पाया पडून म्हणालं, "आत्या, तुह्यामुळं जमलं." आता कुठल्या तोंडानं सांगू?

ता. क. २. आत्ताच अश्वजितचा फोन येऊन गेला. तुमच्या चिखलीतही त्यानं चव घेतली म्हणे, आणि तिथले पहिले नऊ तुझे आहेत, नावासकट! तेव्हा तू राहू दे, हे पत्र धम्मशीलावहिनीला दे. माझं लग्न झाल्यापासून तिनं माझ्या हातच्या एकाही भाजीला बरी म्हटलेलं नाही. मी त्यावरून रडलेसुद्धा आहे. आज मला तेच तोंड हवंय. वहिनी, बिस्किटं सोबत धाडली आहेत, अश्वजितच्या देखत खा. त्यानं तुम्हाला अजून एकही दिलं नसेल. पोरगं हुशार आहे.