गोळ्यांच्या पाकिटाला वर्ख

५ सप्टेंबर, शनिवार. सकाळ.
निश्चय: वर्ष संपायच्या आत गोड बातमी. मुलाचं नावही ठरलं. शहीन. दुकानाच्या पाटीवर ‘मुतवल्ली आणि मुलगा’ लिहायला जागा आहे, मोजून बघितली.

सुहैरला यातलं काही सांगितलेलं नाही. बायकोला सरप्राइज द्यावं.

अडचण एकच, ती गोळ्या घेते. मुलीच्या, लुजैनच्या बाळंतपणात रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टर म्हणाला होता की इतक्यात पुन्हा दिवस राहिले तर ही हाताला लागणार नाही. डॉक्टर लोकांना बोलायची हौसच असते. मी मोठ्या मनाने ऐकून घेतलं. त्यात हिला बालवाडीत नोकरी लागलीय, रास-अल-बरला. बसने जाऊन दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसणार! घरात आणखी एक नाक पुसायला आलं की हे खूळ आपोआप जाईल. म्हणजे सगळं तिच्याच भल्यासाठी.

६ सप्टेंबर
योजना तयार. पाकिटातल्या गोळ्या काढायच्या, साखर आणि स्टार्चच्या घालायच्या, मागचा चंदेरी कागद पुन्हा बसवायचा. दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती. पण लग्नाच्या खुर्च्यांना वर्ख चढवावा तर मुतवल्लीनेच, असं अख्खं दुम्यात शहर म्हणतं. (म्हणजे शलबी न्हावी म्हणतो. पण अख्खं दुम्यात त्याच्याकडेच येतं.)

८ सप्टेंबर
फत्ते! सरसाचा हलका हात, चांदीचा वर्ख, वरून अकीकाच्या दगडाने घोटला. कंपनीने छापलेली अक्षरं गेली, पण झळाळी अशी की पाकिटात तोंड बघून भांग पाडावा. भांगापुरते केस असते तर.

आता दर महिन्याचं पाकीट असंच. काढलेल्या गोळ्या फेकवेनात. शलबी म्हणतो, त्याची मेहुणी याच गोळ्या कुटून शाम्पूत घालते, केस कमरेपर्यंत आलेत. आजपासून मीही घालणार. एका पाकिटात दोन कामं. मुलगाही आणि केसही.

११ सप्टेंबर, शुक्रवार
सुहैरने नवं पाकीट काढलं. खिडकीशी नेऊन बराच वेळ उलटंसुलटं करत होती. पाठीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पावाला चीज लावत होतो. म्हणाली, हल्ली औषधंसुद्धा नटूनथटून येतात. म्हटलं, जमाना बदलला.

पारख आहे हो तिला! शेवटी बायको कोणाची.

माझ्यासमोर पाण्याबरोबर गोळी गिळली. मन भरून आलं.

१४ सप्टेंबर
सुहैरला अशक्तपणा. इतक्यातच? आमचं घराणंच तसं.

सरकारी दवाखान्यात नेलं. तिला मी एकटी कुठे सोडत नाही, काळजीच तेवढी. फोनसुद्धा रोज मीच तपासतो. तिथल्या नर्स इन्शिराहबाई कारागिराला साजेशा मानाने म्हणाल्या, उस्ता, जरा बाहेर बसा. म्हटलं, नवरा-बायको काय वेगळे असतात? त्यांनी सुहैरला विचारलं, झोप लागते का? मी सांगितलं, लागते. घरी सगळं ठीक? मी म्हटलं, उत्तम. कोणी जबरदस्ती करतं का? मी हसलो. बाई हसल्या नाहीत. विनोदाचं अंग नाही.

मग लघवी तपासायची म्हणाल्या. आता बायकांच्या संडासात मी कसा शिरणार? दोघी आत गेल्या त्या गेल्याच. एवढ्या वेळात माझी एक खुर्ची रंगवून झाली असती. सुहैर बाहेर आली तेव्हा डोळे लाल. फिनेल फार उग्र वापरतात तिथे.

दंडात एक इंजेक्शन दिलं. तीन महिन्यांनी पुन्हा. कसलं, विचारलं तर म्हणाल्या, तिच्या जिवाला जपणारं. म्हटलं, मग दोन्ही दंडात द्या की! एकच दिलं. सरकारी कंजूषपणा.

२ ऑक्टोबर
फोन तपासला. कोण्या शिंपिणीचेच फोन. मापं, पुन्हा मापं, आणि घरात एक नवा झगा नाही. सुहैरला म्हटलं, शिंपीण बदल. म्हणाली, हीच बरी आहे, नीट ऐकून घेते.

तिच्या बालवाडीच्या शाळेतून रुजू व्हायचं बोलावणं आलं. जानेवारीत बघू म्हटलं. तोवर पोट दिसायला लागेल. हे मनात.

२३ ऑक्टोबर
बातमी नाही. शलबी भर गिऱ्हाइकांत ओरडतो, काय उस्ता, शहीन वाटेत कुठे अडकला? आजपासून रोज मध आणि कलौंजी. आईने विचारलं, एवढा मध कोण खातंय? मुंग्या, म्हटलं. आईने मुंग्यांचं औषध आणून माझ्या बरणीभोवती टाकलं.

१३ नोव्हेंबर
बातमी नाही. केस नाहीत. टाळूला खाज मात्र आहे.

खाजवताना भयंकर शंका आली. औषध टाळूतून आत उतरलं असेल तर? म्हणजे गेले दोन महिने मी मूल न होण्याचं औषध रोज स्वतःच्या डोक्याला चोळतोय! ते मलाच लागू पडलं! सुहैर बिचारी धडधाकट आणि इकडे माझाच निकाल लागला. माझ्या शरीरात मला न विचारता औषध! हा अन्याय आहे.

१४ नोव्हेंबर
डोकं व्हिनेगरने धुतलं. मग लिंबाने. मग शलबीकडे जाऊन चकोट केलं. तो म्हणाला, उस्ता, होते ते दोन पाहुणेही घालवलेस.

सुहैरने विचारलं, हे काय? म्हटलं, उकडतं. नोव्हेंबरात. ती इतकी हसली की डोक्यावरच्या रुमालाने तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली. आतून रडल्यासारखा आवाज आला. बायकांचं काही कळत नाही.

१४ डिसेंबर
इंजेक्शनची तारीख. सुहैर गप्प होती, पण मी विसरतो होय? कामाला सुट्टी देऊन स्कूटरवर स्वतः नेलं. इन्शिराहबाईंनी चहा पाजला. म्हणाल्या, उस्ता, इतक्या वर्षांत असा नवरा पाहिला नाही.

सुहैरला वाटेत मुद्दाम दोनदा सांगितलं.

१७ डिसेंबर
कारखान्यातून आलो. सुहैर नाही. लुजैन नाही. आई एकटी बसलेली. म्हणाली, दोघी बदीअमामांकडे गेल्या, रास-अल-बरला. बदीअ म्हणजे सुहैरचे मामा. किती दिवसांसाठी, विचारलं. तर आईने रिकामी पाकिटं माझ्या पुढ्यात ठेवली आणि निरोप सांगितला: उस्तांना सांगा, औषधाच्या कंपनीत अकीकाने घोटत नाहीत.

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी माझ्यासमोर रोज साखर गिळत होती. ही फसवणूक नाही तर काय?

आणि इंजेक्शन? आई म्हणाली, मूल न होण्याचंच होतं ते. तूच नेलंस ना दोन्ही वेळा?



१८ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ.
गैरसमज आहे. बोलून मिटेल. मामांकडे बैठक ठरलीय. सूट काढला, मशब्बकचा मोठा डबा घेतला, सुहैरला गोड आवडतं. भाषण तयार, मुद्दे तीन. माझं प्रेम, माझी काळजी, शहीन. संध्याकाळपर्यंत दोघी घरी. तिला माफ करायचं ठरवलंय.

१८ डिसेंबर. संध्याकाळ.
मामा होते, त्यांचे दोन शेजारी होते, इन्शिराहबाई होत्या. शिंपीण त्याच, असं कळलं. आई माझ्या बाजूला बसली.

मी उभा राहिलो. घसा साफ केला. सुहैर म्हणाली, आधी मला एक विचारायचंय. आवाज चढवला नाही. म्हणाली, लुजैन झाली तेव्हा डॉक्टर म्हणाला, लगेच पुन्हा दिवस राहिले तर मी मरेन. तुम्ही माझ्या उशाशी उभे होता. ऐकलं होतंत ना?

सगळे माझ्याकडे बघत होते. एवढं भाषण पाठ केलं होतं. तोंडातून एकच शब्द निघाला. हो.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर उलट ओरडता आलं असतं. आई उठली आणि पलीकडे सुहैरजवळ जाऊन बसली. तिचा हात धरला. म्हणाली, पोरी, तू शाळेत जा, लुजैनला मी बघते. मला सहा वेळा दिवस राहिले, एकदाही कोणी विचारलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, माझे कपडे आणून दे.

लाज वाटली. खरंच वाटली. स्कूटर ढकलत निम्म्या रस्त्यापर्यंत आलो, सुरू करायचं सुचलंच नाही.

घरी येऊन कपाटं उघडली. आईचे कपडे कुठले आणि सुहैरचे कुठले, मला ओळखता येईना. विचारायला सुहैरला फोन लावला.

तिने उचलला नाही.