धुराचा रविवार

२४ जानेवारी १९७४, गुरुवार

पौष संपला आणि घरात माझ्या लग्नाची मोहीम सुरू! अण्णा संध्याकाळी आले ते स्थळ घेऊनच. मुलगा पुण्याचा, नाव सुरेंद्र, नोकरी सरकारी. पुढचं मी ऐकलंच नाही, कारण त्याच्या आईची अट कानावर पडली – "मुलीनं लग्नानंतर नोकरी सोडावी." मार्चअखेर मी कंपनीत टायपिस्ट म्हणून कायम होणार! वर्षभर साहेबांच्या अक्षराशी झुंजले ती काय घरी बसायला? पण नाही म्हटलं की आई डोळ्यांना पदर लावते. तेव्हा नकार तिकडूनच यायला हवा.

२६ जानेवारी

सुचलं!

आमच्या चिंचवडच्या चाळीमागेच फाउंड्री, आणि भट्टीला रविवार नसतो. थंडीत रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, की सकाळी धूर वर चढतच नाही – अंगणात ठाण मांडतो. दुपारी वारा सुटला की हवा लख्ख. सगळी चाळ मला विचारून कपडे वाळत घालते. शेजारच्या नजमाभाभी तर म्हणतात, "रेडिओ जाऊ दे अरु, तू सांग, उद्या चादरी धुवू का?"

म्हणून अण्णांना गोड आवाजात म्हटलं, "दुपारी चार कशाला? तीन तारखेला सकाळी आठलाच बोलवा. सकाळी माणसाचं मन प्रसन्न असतं." पटलं त्यांना! बिचारे अण्णा.

३० जानेवारी

तिकडून निरोप – येतो. आठला.

२ फेब्रुवारी

ढग! दुपारपासून आभाळ भरून आलंय. ढगांचं पांघरूण असलं की जमीन गार पडत नाही आणि धूर सरळ वर निघून जातो. म्हणजे उद्या नेमकी महाबळेश्वरची हवा! नजमाभाभींना सगळा बेत सांगून टाकला. पोट धरून हसल्या. "लोक पावसासाठी दुआ मागतात, ही पोरगी धुरासाठी! थांब, मी पण मागते."

३ फेब्रुवारी

पहाटे बाहेर आले तर आभाळ चाटूनपुसून स्वच्छ. उजाडलं तरी समोरची चाळ दिसेना. जिंकले!!

पाहुणे आले ते डोळे चोळतच. सुरेंद्रच्या आईला ठसका लागला तो थांबेना. पोह्यांवर काजळीचे कण – आईनं वरून आणखी कोथिंबीर भुरभुरली. "इथं राहता तरी कसे हो तुम्ही?" वा! हे वाक्य कानाला काय गोड लागलं!

पण मुलगा कुठाय? तो पोह्यांची बशी घेऊन अंगणात उभा, मान वर, जत्रेत आल्यासारखा खूश. मला बघून म्हणाला, "काय सुरेख थर धरलाय हो! खाली गार हवा, वर उबदार – झाकणच बसलंय." मग म्हणतो, "हे कधी उठेल, सांगता येतं का इथं कुणाला?"

माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "ऊन त्या चिंचेच्या बुंध्याला टेकलं की."

"मग थांबतो."

आणि खरंच थांबला! आत त्याची आई खोकतेय, अण्णांची चुळबुळ चाललीय, आणि आम्ही दोघं चिंचेकडे बघत उभे. ऊन बुंध्याला टेकलं, धूर हलला, फाटला, वर गेला. आपण काही केलं नसताना मला उगाच अभिमान वाटला. तो तर टाळ्याच वाजवायचा राहिला होता.

ते गेल्यावर अण्णा म्हणतात, "वेधशाळेत आहे ना तो! सांगितलं होतं की मी." कधी?

खरं सांगायचं तर फार मजा आली. इतकी यायला नको होती. असो, ठसका पाहता नकार पक्का.

४ फेब्रुवारी

ऑफिसात तीनदा चुकीचा कागद टाइप केला. साहेब ओरडले. हसू आवरेना.

७ फेब्रुवारी

पत्र आलं. मुलगी पसंत!

आणि खाली वेगळ्या अक्षरात – "नोकरीचं त्यांनीच ठरवावं. आईची समजूत मी घातली आहे." आई नाचायचीच बाकी. अण्णा पेढे आणायला निघाले, त्यांना दारातच अडवलं. मी कुठं पसंत केलंय अजून? इतका धूर खाऊन हो म्हणणारा माणूस शहाणा असेल का? मला एकदा त्याच्याशी बोलायचंय. आई कपाळावर हात मारून घेते आहे. अण्णा मात्र म्हणाले, "बोल की."

१० फेब्रुवारी

एकटाच आला. विचारलं – एवढं होऊन हो का म्हणालात? तर म्हणाला, "मुलगी बघायला, थंडीत, चिंचवडला, सकाळी आठ! निरोप आला तेव्हाच कळलं, या मुलीला मी नकोय. पण हेही कळलं, की तिला हवा वाचता येते. मग आल्याशिवाय राहवेना."

अण्णांना पेढे आणायला पाठवलंय.