झाडून टाकलेली काच

प्रिय कारीना,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतेस. कागदावर निदान मला शेवटपर्यंत बोलता येतं. चुका काढू नकोस, मी शाळेत किती दिवस गेले ते तुला ठाऊक आहे.

मागच्या शनिवारी रस्ता झाडायची पाळी आपली होती. पाळीची पाटी आपल्या दारावर लटकत होती, आणि वरची हेगेलेबाई खिडकीत बसलेली. एक पान राहिलं तरी सोमवारी जिन्यात टोमणा ठरलेला. मी मसूर शिजत टाकले होते, तुझा बाबा रिकाम्या बाटल्यांचे क्रेट घेऊन गाडी फाटकाबाहेर काढत होता. धाडकन आवाज आला. वरच्या आळीतला युनूस, तो कौलं बसवणारा, स्कूटरसकट रस्त्यात आडवा. पाय भलतीकडेच वळलेला. पण अर्ध्या तुर्कीत, अर्ध्या आपल्या बोलीत इतक्या झणझणीत शिव्या देत होता की म्हटलं, हा जगतो.

रुग्णवाहिका लगेच आली आणि त्याला घेऊन गेली. पोलीस मोठ्या रस्त्यावर दुसऱ्या अपघातात अडकले होते. तोवर मागे गाड्या खोळंबल्या, म्हणून बाबाने गाडी मागे फाटकात घेतली आणि स्कूटर भिंतीला टेकवली. आणि मी? रस्ताभर काच, शनिवार, पाळी माझी. मी झाडू घेतला. सगळी काच झाडत आणून फाटकाशी ढीग लावला.

हसू नकोस. पोलिसांची गाडी आली, त्यांनी ती रस्त्यात आडवी लावली, शंकू मांडले, आणि त्यांच्यातला एक मिशीवाला खाली उतरून माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, झाडू खाली ठेवा! हे काय केलंत?" मी म्हटलं, "झाडलं. दिसत नाही का? शनिवार आहे." तो कपाळावर हात मारून म्हणाला, "तीस वर्षं नोकरी केली, पण पुरावा सुपलीत भरलेला आजच बघतोय." वरून हेगेलेबाई ओरडली, "कोपरा राहिलाय, गेरलिंडे!" तिला मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

त्याच्याबरोबर एक पोरगी होती, तुझ्याच वयाची, छातीवर नाव वीडमान. तिने आधी बाबाला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावलं. मग काय झालं ते विचारलं. बाबा म्हणाला, "मी फाटकातच थांबलो होतो. तोच कडेने येऊन घुसला." काच फाटकाशी, गाडी फाटकात. सगळं अगदी त्याच्या म्हणण्यासारखं दिसत होतं, आणि तसं दिसायला कारण माझा झाडू. युनूस इस्पितळात, त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही. हेगेलेबाईने रस्त्यात पडलेलं पान बघितलं असतं, टक्कर मात्र बघितली नव्हती.

वीडमानने मला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांची बायको आहात. तुम्ही काहीच सांगितलं नाही तरी चालतं, कायद्याने तुम्हाला तशी मुभा आहे," म्हणाली. आवाज चढवला नाही, घाईही केली नाही. मग म्हणाली, "सांगणार असाल तर बायको म्हणून नको, झाडणारी म्हणून सांगा. पहिला झाडू कुठे मारलात?"

कारीना, मला गप्प बसता आलं असतं. बाबा पायरीवरून माझ्याकडे बघत होता. एकतीस वर्षांत त्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. पण मला युनूसचा तो पाय दिसत होता. मी चालत गेले, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "इथून."

तिने माझ्या पायाभोवती खडूने गोल काढला. गुडघ्यावर बसून डांबराच्या भेगांतून काचेची भुकटी नखाने काढली, मिशीवाल्याने चाकाच्या मोजपट्टीने फाटकापर्यंतचं अंतर मोजलं, फोटो काढले. शाबास म्हणाली नाही, ते मला आवडलं. नंतर बाबाजवळ जाऊन बसली. इस्पितळात फोन करून आली होती. "पाय मोडलाय, पण बरा होईल. स्कूटरची चौकशी करतोय," एवढंच म्हणाली. तेव्हा बाबा रडला. स्वतःच्या आईला पुरतानाही रडला नव्हता. मग म्हणाला, "न बघता बाहेर आलो मी. लिहा तसं."

मसूर करपले. तसेच खाल्ले. ताटं उचलताना बाबा म्हणाला, "बरं केलंस." रविवारी युनूसकडे बटाट्याची कोशिंबीर घेऊन गेलो. तो म्हणतो, "एवढी? खायची आहे की पायाला लेप द्यायचाय?" बाबाला तोंडावर चार शब्द सुनावले, मग बसायला खुर्ची दिली.

आता हे कशाला लिहितेय ते सांगते. शनिवारी निघताना त्या वीडमान पोरीने विचारलं, "आज घरात कोणी सोबतीला हवं. कोणाला फोन करू? मुलंबाळं?" मी म्हटलं, कोणी नाही. तोंडातून गेलंच तसं. दोन वर्षं गावात सांगतेय ना, कारीना स्टुटगार्टला ऑफिसात असते. तू पोलिसात भरती झालीस तेव्हा मी म्हणाले होते, लोकांच्या चुका वहीत लिहायचं हे कसलं काम. शपथेलाही आले नाही. वीडमान गाडीत बसली तेव्हा मी धावत गेले, काचेवर टकटक केली आणि म्हटलं, "मला मुलगी आहे. तुमच्यातलीच आहे." तिचा चेहरा खुलला. "अरे वा! कुठल्या ठाण्यात?" आणि मला सांगता येईना. कधी विचारलंच नव्हतं. शंकू उचलून झाले तरी मी तिथेच उभी. पोरी, तू कुठल्या ठाण्यात आहेस तेवढं मला लिही.

तुझीच,
आई